रक्ताचाही उत्पादनखर्च असतो

सोयाबीनचे कोवळे पान पिवळे पडले आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की आपल्या जिल्ह्यातला शेतकरी ओळखतो, लोह कमी पडले. तो कृषी सहायकाला विचारतो, फेरस सल्फेट आणतो, पाण्यात कालवून फवारतो. जमिनीत लोह नाही असे नाही, हेही त्याला ठाऊक असते. जमीन चुनखडीची असली किंवा पाणी साचून राहिले, की असलेले लोहसुद्धा पिकाच्या अंगी लागत नाही. पऱ्हाटीवर लाल्या आला तर तो नत्राचा विचार करतो, मॅग्नेशियमचा करतो, पाण्याचा निचरा पाहतो. एका पानावरून एवढे सगळे वाचणारा हा माणूस त्याच तासात वाकून निंदणाऱ्या बाईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून कधी पाहत नाही. ती आतून लाल हवी. पाहिली तर अनेकींची पांढरीफटक निघेल. आणि तिला लागणारे औषधही बहुतेक वेळा तेच असते. आशाताई वाटतात ती लाल गोळी म्हणजे फेरस सल्फेट आणि फॉलिक अॅसिड. (पोत्यातले औषध पिकाचे आणि गोळी माणसाची, यात गल्लत करू नये, हे सांगायला नको.)

"अंगात रक्त नाही" हे आपल्याकडे बाईच्या प्रत्येक दुखण्याचे निदान झाले आहे. सासू तेच म्हणते, कंपाउंडर तेच म्हणतो, ती स्वतःही तेच म्हणते आणि पुन्हा कामाला लागते. आमचे म्हणणे असे की, हे निदानच नव्हे. 'शेती तोट्यात आहे' म्हटल्याने काय कळते? बियाणे खराब निघाले, पाऊस उलटला, की भावाने मारले? प्रत्येकाचा इलाज वेगळा. तोटा कुठून होतो हे शोधण्यासाठीच आपण उत्पादनखर्चाचा हिशेब मांडायला शिकलो. रक्ताचा हिशेबही तसाच मांडावा लागतो. रक्त बनत नाही, रक्त वाहून जाते, किंवा बनलेले रक्त वेळेआधी मोडते. तोट्याच्या वाटा या तीनच. कोणती वाट ते न पाहता सगळ्यांच्या हातावर एकच गोळी ठेवणे म्हणजे सगळ्या शिवारावर एकच फवारणी.

आधी आकडे पाहू. रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते, ते फुप्फुसातून प्राणवायू उचलून अंगभर पोहोचवते. बाईचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली, गरोदर बाईचे ११ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी २०१५-१६ साली शेकडा ४८ जणी रक्तक्षयाच्या निघाल्या, २०१९-२१ साली ५४.२. पाच वर्षांखालची मुले शेकडा ५३.८ होती, ती ६८.९ झाली. पुरुष शेकडा २१.९. बोटाच्या थेंबावर मोजल्याने आकडा फुगतो असे काही तज्ज्ञ म्हणतात. समजा फुगतो. चौथा हिस्सा कापून टाकला तरी काय उरते ते पाहावे. लोहाच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० सालचा आहे आणि २०१८ साली त्याला 'अॅनिमिया मुक्त भारत' असे नवे नाव मिळाले. पन्नास वर्षे गोळ्या वाटून आकडा खाली येत नसेल, तर चूक फक्त गोळी न खाणाऱ्या बाईची आहे काय? किती गोळ्या वाटल्या त्याचा हिशेब ठेवणे सोपे. पोटात किती गेल्या आणि गेल्यावर रक्त वाढले की नाही, हे पाहणे खरे काम.

आता हिशेब. तांबडी पेशी हाडाच्या मगजात बनते आणि सुमारे १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातले लोह शरीर फेकत नाही, पुन्हा वापरते. लोहाच्या बाबतीत शरीर सावकारापेक्षा चिक्कू आहे. पुरुषाच्या अंगातून दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम लोह बाहेर जाते. बाईचा खर्च वेगळा. एक मिलिलिटर रक्त गेले की अर्धा मिलिग्रॅम लोह गेले असे धरावे. साधारण पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे महिन्याला १५ ते २० मिलिग्रॅम लोह जास्तीचे. एक गरोदरपण एकंदर सुमारे १००० मिलिग्रॅम लोह मागते. ही झाली खर्चाची बाजू. जमेची बाजू अशी की, भाकर, वरण, भाजीच्या जेवणात जे लोह असते त्यातला दहावा हिस्सा, पुष्कळदा त्याहूनही कमी, अंगी लागतो. वरून चहा घेतला की तोही घटतो. चुनखडीच्या जमिनीत सोयाबीनचे जे होते तेच हे. लोह आहे, पण लागत नाही. लिंबू पिळले, आवळा खाल्ला, तर लागते. मटण, मासे, अंडी जमत असतील तर मटण-मासळीतले लोह सगळ्यात लवकर लागते. आंबाडी, तरोटा, चिवळ, शेवग्याचा पाला या धुऱ्यावरच्या भाज्या आपल्या आज्यांनी खाल्ल्या. आता पाहुणे आले की त्या ताटात वाढायची लाज वाटते.

इथे एक कडू गोष्ट सांगावीच लागेल. पेरणीच्या आधी बैलाला ढेप घालतो, ती खर्चात धरतो. पोळ्याला त्याला पुरणपोळी देतो. का? तर त्याच्या अंगात ताकद नसेल तर शेत उभे राहणार नाही. घरची बाई पहाटे उठते, चार घरची कामे उरकून निंदणाला किंवा वेचणीला जाते, परत येऊन चूल पेटवते आणि सगळ्यांचे झाल्यावर भांड्यात उरेल ते खाते. उरले नाही तर चटणी-भाकर. कृषी मूल्य आयोगसुद्धा हिशेबात घरच्या माणसांच्या कष्टाची मजुरी धरतो. कमी धरतो, ते भांडण वेगळे. पण त्या कष्टात खर्ची पडलेले रक्त आयोगाच्या रकान्यात नाही आणि आपल्याही नाही. सरकारला जाब विचारणाऱ्या आम्ही मंडळींनी आपल्या घरातला हा फुकटचा भांडवली खर्च आधी पाहायला हवा. सगळ्यांनी एका वेळी जेवायला बसणे, एवढ्या एका गोष्टीला पैसा लागत नाही.

रक्त न बनण्याचे कारण नेहमी लोहच असते असेही नाही. याचा शोध कापसाच्या दुसऱ्या टोकाला लागला. कापूस इकडे वेचला जायचा, सूत मुंबईच्या गिरण्यांत निघायचे. तिथे राबणाऱ्या गरोदर बाया रक्तक्षयाने दगावत होत्या. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आल्या आणि हाफकिन संस्थेत त्यांनी या बायांच्या रक्ताचा अभ्यास केला. या बाया राहतात कशा, खातात काय, हे त्यांनी पाहिले. लोह कमी असले की तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात. या बायांच्या पेशी उलट मोठ्या होत्या. यीस्टचा अर्क खायला दिल्यावर त्या सुधारल्या. १९३१ साली हे काम छापून आले. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. १९४१ साली तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला आणि पानावरूनच त्याचे नाव पडले. आज जगभर गरोदर बायांना देतात त्या गोळीतले फॉलिक अॅसिड हे मुंबईच्या गिरणीतल्या बायांचे देणे आहे. शाळेच्या पुस्तकात हे कुठे शिकवतात ते आम्ही तरी पाहिले नाही.

तिसरा घटक बी-१२. तो दूध, अंडी, मांसात असतो, झाडपाल्यात नसतो. माळकरी घरात, दूध डेअरीला आणि कोरा चहा पोटाला अशी जिथे रीत आहे तिथे, त्याची कमतरता येते. हातापायाला मुंग्या येणे, जीभ गुळगुळीत होऊन जळजळणे ही त्याची खूण. त्याला लोहाची गोळी कितीही दिली तरी उपयोग नाही.

आता वाहून जाणारे रक्त. अनवाणी पायाने ओल्या मातीत काम करणाऱ्याच्या कातडीतून अंकुशकृमी अंगात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. माणूस उघड्यावर शौचाला बसला की त्याची अंडी मातीत पडतात आणि फेरा पुन्हा सुरू होतो. शंभर कृमी दिवसाला कमीत कमी तीन मिलिलिटर रक्त पितात. महिन्याचे नव्वद झाले, म्हणजे दोन पाळ्यांहून जास्त, आणि हे पुरुषालाही चुकत नाही. इलाज म्हणजे अल्बेंडाझोलची एक गोळी. २०१५ पासून जंतनाशक दिन पाळतात, तेव्हा शाळा-अंगणवाडीत मुलांना ती देतात. शेतात राबणाऱ्या मोठ्या माणसांनी ती डॉक्टरला विचारून मागून घ्यावी. आणि चपला घालाव्यात. निंदणाला चपला चिखलात रुततात हे खरे, पण ओल्या वावरात बंद पायताण ही चैन नव्हे.

पाळीत जास्त रक्त जाणे हे तर बाया रोग मानतच नाहीत. कापडाच्या घड्या भिजतात, गाठी पडतात, आठ-आठ दिवस चालते, आणि त्या म्हणतात, "बाईच्या जातीला हे असायचंच." गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या बायांची तपासणी केली. १९८९ साली ती 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापली गेली. शेकडा ९२ जणींना स्त्रीरोग निघाले आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ होत्या. अतिस्राव थांबवल्याशिवाय गोळ्या देत राहणे म्हणजे फुटक्या हौदात मोट सोडणे. पुरुषांच्या बाबतीत मूळव्याध आणि पोटातला व्रण पाहावा. वाताच्या गोळ्या रोज खाणाऱ्याच्या पोटात रक्तस्राव होतो, शौचाला काळे होते. लोहाच्या गोळीनेही शौचाला काळे होते, पण त्याची भीती नको. गोळी सुरू नसताना काळे, डांबरासारखे होत असेल तर दवाखाना गाठावा.

आणि बाळंतपण. धडधाकट बाईचे अर्धा लिटर रक्त गेले तरी ती सावरते. सहा ग्रॅमवर बाळंत होणारीला तेवढेच जीवघेणे ठरते. आपल्या देशात बाळंतपणात मरणाऱ्या बायांचे सगळ्यात मोठे कारण रक्तस्राव हेच आहे. म्हणून गरोदरपणात हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर घरी गोळ्या खात बसू नये. दवाखान्यात शिरेतून लोह देतात, फारच खाली असेल तर रक्त देतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी फुकट होते. २०१६ पासूनची ही सोय आहे. वेचणीचा दिवस बुडतो म्हणून ती टाळू नये.

तिसरी वाट मोडणाऱ्या रक्ताची, आणि इथे आपला जिल्हा इतरांपेक्षा वेगळा आहे. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या पट्ट्यात गोंड, कोलाम, परधान यांची वस्ती आहे, पुसद-उमरखेडकडे आंध आहेत. विदर्भभर पसरलेला सिकलसेल या वस्त्यांतही आहे. सिकल म्हणजे विळा. १९१० साली शिकागोत डॉ. हेरिक यांनी वेस्ट इंडीजमधून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्या. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हा दोष सापडला आणि १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतात तो असल्याचे जगापुढे मांडले. ज्यांना आईबाप दोघांकडून हा गुण येतो त्यांची पेशी प्राणवायू सोडला की ताठर होऊन विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि १०-२० दिवसांत मोडते. म्हणून डोळे पिवळे, सतत रक्तक्षय, आणि हाडासांध्यांत असह्य कळा. बाळाला पहिले पाच-सहा महिने त्रास नसतो. त्यानंतर हातापायाची बोटे सुजतात, वरचेवर ताप येतो, पानथरी वाढते.

असल्या मुलाला आपण काय म्हणतो? अंगचोर. पोरगा थंडीत वेचणीला येत नाही, उन्हात पाणी न पिता दोन तास राबला की कण्हत पडतो. मग कोणी भगताकडे नेतो, कोणी वाताचे इंजेक्शन देऊन आणतो. थंडी, उन्हात पाणी न पिणे, अतिश्रम आणि ताप या चारही गोष्टींनी त्याच्या पेशी वाकतात हे माहीत असते, तर असे बोललो नसतो.

हा 'आदिवासींचा रोग' ही समजूतही टाकून द्यावी. विदर्भात तो बौद्ध, तेली, कुणबी घरांतही सापडतो. एकाच बाजूने गुण आला तर माणूस वाहक असतो, आजारी नसतो. उलट हिवतापाच्या प्रदेशात वाहक लहानपणी हिवतापाने मरण्यापासून वाचतात, हे १९५४ साली अॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवले. जंगलातल्या डासांशी झुंजता झुंजता हा गुण टिकून राहिला. त्यात पाप कुणाचे? दोन वाहकांचे लग्न झाले तर मात्र प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याचा धोका चारात एक. 'एकाला झाला म्हणजे पुढचे तीन सुटले' असा याचा अर्थ नाही, दर वेळी नव्याने चारात एक.

महाराष्ट्राच्या सिकलसेल कार्यक्रमात वाहकाला पिवळे कार्ड आणि रुग्णाला लाल कार्ड देण्याची रीत पडली. हेतू चांगला. पण गावोगाव ऐकू येते ते असे की, पोरीचे पिवळे कार्ड निघाले की सोयरीक मोडते आणि पोराचे निघाले की ते पेटीत जाते. वाहक मुलीचे लग्न निर्दोष रक्ताच्या मुलाशी झाले तर त्यांना सिकलसेलचे आजारी मूल होत नाही. टाळायची ती फक्त वाहकाची वाहकाशी जोडी. म्हणून तपासणी दोघांची व्हावी, मुलाची आधी झाली तर उत्तम. ती नुसत्या सोल्युबिलिटी चाचणीवर थांबू नये. त्या चाचणीतून वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळत नाही आणि थॅलेसेमियाचा वाहक तर कळतच नाही. एका बाजूने सिकल आणि दुसऱ्या बाजूने थॅलेसेमिया आला तरी मूल आजारी होऊ शकते. पक्की चाचणी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीची. लग्न आधीच झाले असेल तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरला सांगावे, गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्यात होऊ शकते.

रुग्णासाठी इलाज नाही हेही खरे नाही. रोज फॉलिक अॅसिड, भरपूर पाणी, लहानपणी पेनिसिलिन आणि न्यूमोकॉकसची लस, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना. छातीत दुखून दम लागला तर मुळीच थांबू नये. आणि हायड्रॉक्सियुरिया. या औषधाने कळांचे झटके कमी होतात, रक्त चढवण्याची पाळी कमी येते. अधूनमधून रक्त तपासून ते घ्यावे लागते आणि मूल हवे असेल तेव्हा नवरा असो की बायको, डॉक्टरला विचारूनच पुढे जावे. एक सावधगिरी अशी की, सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णाला 'रक्त कमी' म्हणून तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या देऊ नयेत. वरचेवर रक्त चढवलेल्या माणसाच्या अंगात लोह आधीच साचत जाते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुकावरच्या उपचाराला परवानगी मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत एका रुग्णाला २२ लाख डॉलर आहे. त्या गोष्टी त्यांना लखलाभ. आमचा प्रश्न साधी कॅप्सूल झरीच्या माणसाला पांढरकवड्यात दर महिन्याला न चुकता मिळते काय, एवढाच आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. मोहिमेला आमचा विरोध नाही. पण तपासणीचा आकडा गाठणे म्हणजे पंचनामा झाला, नुकसानभरपाई नव्हे. पंचनाम्यावर समाधान मानायची सवय आपल्याला नाही.

२०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आपला जिल्हा देशभर गाजला. यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाच्या खाटा भरल्या तेव्हा मंत्री आले, कॅमेरे आले. रक्तक्षयाने बाई एका दिवसात पडत नाही. ती दोन वर्षे दमते, धापा टाकते, माती आणि कच्चे तांदूळ खाते, नखे चमच्यासारखी खोलगट होतात, आणि मग एखाद्या बाळंतपणात जाते. त्यासाठी कॅमेरा येत नाही. म्हणून मागणी आपल्यालाच करावी लागेल, आणि ती नेमकी हवी. प्रत्येक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन मोजायचे चालू यंत्र हवे. महिनाभर नेमाने गोळ्या खाऊन एक ग्रॅमही रक्त वाढले नाही, तर दुसरी बाटली हातात न देता पुढची तपासणी व्हावी, हा सरकारचाच नियम आहे. गोळी जेवणानंतर दोन तासांनी किंवा रात्री झोपताना लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको. मळमळले तर जेवणाबरोबर घ्या, पण सोडू नका. गरोदर बाईला १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस गोळी मिळायला हवी. इतरांनी आकडा सुधारल्यावरही तीन महिने चालू ठेवावी, कारण तिजोरी भरायची बाकी असते.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन गोष्टी लिहून आणाव्यात. गावात हिमोग्लोबिन शेवटचे कधी तपासले, आणि सिकलसेलच्या रुग्णांना औषध कुठून, किती दिवसांनी मिळते. नावे लिहू नयेत, आकडे पुरेत. रुग्णांच्या घरी एवढे जरूर सांगावे की, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आणि थॅलेसेमिया धरलेले आहेत, त्याचे प्रमाणपत्र मागता येते. एसटीच्या सवलतींच्या यादीतही सिकलसेलचा रुग्ण आहे. नागपूर-सेवाग्रामला जाताना दवाखान्याचा कागद सोबत ठेवावा.